ड्रायव्हरचा बिल्ला: यातला 'डब्ल्यू' म्हणजे काय?

घाटवळण
रविवारी पुण्याच्या जुन्या बाजारात गेलो होतो. कामाचं काहीच मिळालं नाही, पण एका ताडपत्रीवर नटबोल्ट, बंद घड्याळं आणि कुलपांच्या ढिगात एक बिल्ला दिसला. चार बाहूंचा क्रॉस आहे, बाहू टोकाकडे रुंद होत गेलेले. मधोमध मोटारीचं चाक, टायरसकट. खाली दोन बारीक कड्या आणि त्यांत अडकवलेली एक आडवी पट्टी. पट्टीवर इंग्रजीत 'ड्रायव्हर', मग एक आडवी रेघ आणि 'डब्ल्यू' हे अक्षर.

विक्रेता म्हणाला, "साहेब, मिलिट्रीचा आहे, जर्मन." म्हटलं, जर्मन असेल तर इंग्रजी कशाला लिहितील? तो लगेच, "मग इंग्रजांचा असेल." सातशेपासून सुरू करून साडेतीनशेला घेतला.

माझे वडील एसटीत ३१ वर्षं चालक होते. खाकी शर्टावरचा त्यांचा बिल्ला आम्ही भावंडं राखुंडीने घासून द्यायचो, म्हणून हा सोडवेना. हा कुठल्या सैन्याचा, कधीचा आणि 'डब्ल्यू' म्हणजे काय, हे जाणकारांनी सांगावं. सैन्यात ड्रायव्हरला नुसतं गाडी चालवण्यासाठी बिल्ला देत असत का?

खारेदाणे
डब्ल्यू म्हणजे वाइफ. बायको शेजारी बसलेली असताना गाडी चालवणाऱ्या शूरांना मिळत असणार. (हलकेच घ्या.)

मी_एकटीच
@खारेदाणे, शेजारी बसून रस्ता दाखवणारीला काय मिळायचं मग? परमवीरचक्र?

चिंचगूळ
भाबडा प्रश्न: वॉर, विंटर, वर्कशॉप यांपैकी काही? विंटर वाटतंय मला. बर्फात गाडी चालवणारे.

नाणेवाला
अमेरिकन आहे. 'ड्रायव्हर अँड मेकॅनिक बॅज'. २८ जुलै १९४२ रोजी सुरू झाला आणि आजही दिला जातो. डब्ल्यू म्हणजे व्हील्ड, चाकांची वाहनं. साखळीपट्ट्यावर चालणारी वाहनं, म्हणजे रणगाड्याच्या जातीची, चालवणाऱ्याला त्याच जागी 'टी'ची पट्टी. मोटारसायकलला 'एम'. जमिनीवरून सरळ पाण्यात उतरणाऱ्या वाहनांना 'ए'. नुसतं 'मेकॅनिक' लिहिलेली पट्टीही असते. बिल्ला एकच, जेवढं येतं तेवढ्या पट्ट्या खाली एकीखाली एक लटकवायच्या.

मागची बाजू बघा. 'स्टर्लिंग' असं बारीक कोरलेलं असेल तर चांदी आहे, आणि तुम्ही साडेतीनशेत चोरी केली आहे.

बाय द वे, हा विक्रेता कुठल्या रांगेत बसतो?

घाटवळण
दंडवत! भिंग लावून पाहिलं. मागे पिन आहे आणि पिनेखाली 'स्टर्लिंग' लिहिलंय. बायकोला सांगितलं, ती म्हणाली मग मोडीत घाल.
नदीच्या बाजूने शिरलात की डावीकडे, जुन्या शिलाई मशीनवाल्याच्या पलीकडे बसतो.

डिफरन्शिअल
पण अमेरिकन बिल्ला पुण्यात कसा आला?

नाणेवाला
यात नवल काही नाही. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्य भारतात भरपूर होतं. आसाममधल्या लेडोपासून ब्रह्मदेशातून जाऊन चिन्यांच्या जुन्या बर्मा रोडला मिळणारा रस्ता त्यांच्याच देखरेखीखाली झाला. दोन्ही मिळून चीनमधल्या कुनमिंगपर्यंत सुमारे १७०० किलोमीटर. तो बांधणाऱ्या १५ हजार अमेरिकन सैनिकांत निम्म्याहून जास्त काळे सैनिक होते, शिवाय हजारो स्थानिक मजूर. १२ जानेवारी १९४५ ला ११३ गाड्यांचा पहिला ताफा लेडोहून निघाला आणि ४ फेब्रुवारीला कुनमिंगला पोचला. म्हणजे तीन आठवड्यांहून जास्त. युद्ध संपल्यावर ट्रक, तंबू, बूट, डबे, सगळं डिस्पोजलमध्ये विकलं गेलं. त्यात एखाद्याचा बिल्ला न गेला तरच आश्चर्य.

आगाऊ_बंड्या
मला एक कळत नाही. बंदूक चालवणाऱ्याला पदक ठीक. गाडी चालवायला काय लागतं? आमचा रिक्षावालाही बिल्ला लावतो. हे सगळे बिल्ले म्हणजे सरकारने पगार न वाढवता माणसं खूश ठेवायची युक्ती. पितळेचा तुकडा दिला की गडी आणखी दोन वर्षं राबतो.

सुभेदार_तात्या
बंड्या, रागावत नाही, पण एकदा लडाखच्या वाटेवरच्या जोझिला खिंडीत ये माझ्याबरोबर.

मी एएससीचा, म्हणजे सैन्याला रसद पोचवणाऱ्या आर्मी सर्व्हिस कोअरचा. एमटी (मोटार वाहतूक) ड्रायव्हर म्हणून भरती, सुभेदार म्हणून बाहेर. फौजी ट्रकांपैकी शक्तिमान चालवली, वन-टन चालवली, शेवटी स्टॅलियन. गाडी चालवायला काय लागतं ते सांगतो. पहाटे फर्स्ट परेड: तेल, पाणी, हवा, बॅटरी, पट्टा, नट. संध्याकाळी परत तेच. कार डायरीत एकूण एक किलोमीटरचा हिशोब. वर थंडीत डिझेल शिऱ्यासारखं होतं. रात्री दर दोन तासांनी उठून इंजिन चालू करायचं, नाही तर सकाळी गाडी म्हणजे दगड. उघड्या हातांनी टायरला चेन चढवायची, कारण हातमोज्यात कडी बसत नाही. मागे दारूगोळा, उजवीकडे दरी, पुढच्या गाडीचा फक्त लाल दिवा दिसतोय, आणि त्याने ब्रेक दाबला तर आपण दाबायचा नाही, गिअर उतरवायचा. हे ज्याला कळत नाही तो एकदाच शिकतो.

आमच्याकडे ट्रेड टेस्ट असायची. क्लास थ्री, टू, वन. वर्ग वाढला की पगारात चार रुपये वाढायचे. पण खरी पावती निराळीच. ताफ्याच्या पहिल्या गाडीवर कुणाला बसवतात त्यावरून कळायचं कोण ड्रायव्हर आहे ते.

आगाऊ_बंड्या
तात्या, शब्द मागे घेतो. पण रिक्षावाल्याचं म्हणणं कायम :)

बेलापूरकरीण
तात्यांचा प्रतिसाद +१००. तुम्ही वेगळा धागा काढाच.

अवांतर: इंग्लंडची राणी एलिझाबेथ राजकन्या असताना, १९४५ साली, महिलांच्या सैन्यदलात भरती होऊन ड्रायव्हर-मेकॅनिकचं शिक्षण घेत होती. चाक बदलायची, इंजिन उघडायची. आमच्या सोसायटीत स्टेपनी कुठे असते हे माहीत नसलेले सहा इंजिनीअर आहेत.

डिफरन्शिअल
सातवा मी.

रणधुमाळी
मूळ प्रश्नावर येतो. ड्रायव्हरला नुसतं चालवण्यासाठी बिल्ला देत का? देत होते, आणि एकट्या अमेरिकेत नाही. १९४२ ते ४३ या काळात तीन मोठ्या सैन्यांनी जवळजवळ एकाच सुमारास असे बिल्ले काढले. आपापसांत शत्रू असलेल्या सैन्यांना एकदम ड्रायव्हर आठवले, कारण तोवर सगळ्यांच्या लक्षात आलं होतं की सैन्य चाकांवर उभं आहे.

जर्मनांचा बिल्ला २३ ऑक्टोबर १९४२ चा. लॉरेलच्या पानांच्या कड्यात स्टिअरिंगचं चाक. कांस्य, रौप्य, सुवर्ण असे तीन वर्ग. छातीवर नाही, डाव्या बाहीवर खालच्या बाजूला, कापडाच्या तुकड्यावर बसवलेला. निकष शौर्याचा नव्हता, दिवसांचा होता. कठीण परिस्थितीत, युद्धक्षेत्रात इतके दिवस गाडी चालवली पाहिजे. मोटारसायकलवरच्या निरोप्यांना ९० दिवस पुरत, कारण त्यांना उघड्यावर गोळ्या खाव्या लागत. मग चढत चढत सर्वांत सुरक्षित कामावरच्यांना १८५ दिवस. आणि मला सगळ्यांत आवडलेला भाग: गाडीची हेळसांड केली, बेफाम हाकली, तर दिलेला बिल्ला काढून घेता येई.

आता हे कुठल्या सैन्याने केलं ते पाहा. १९४१ च्या जूनमध्ये रशियात शिरताना त्यांच्याबरोबर मोटारींच्या बरोबरीने सहा लाखांच्या वर घोडे होते. मोटारी जिंकलेल्या देशांतून गोळा केलेल्या. फ्रेंच ट्रक, झेक ट्रक, बेल्जियन ट्रक, हजारो तऱ्हा. एकाचा स्पेअर पार्ट दुसऱ्याला बसत नाही. त्यात शरदातला रशियन चिखल. अशा वेळी जो माणूस आपली गाडी सहा महिने चालू ठेवतो तो सैन्याला सोन्याहून महाग. सुवर्ण बिल्ला त्यामानाने स्वस्तच पडला.

मी_एकटीच
नाझींच्या बिल्ल्यांचं असं कौतुक वाचून अंगावर काटा येतो. त्या गाड्यांतून काय काय वाहून नेलं गेलं, कोणाला नेलं गेलं, तेही लिहा.

रणधुमाळी
@मी_एकटीच, कौतुक करायचा हेतू नव्हता, पण वाचताना तसं वाटलं असेल तर माझ्या लिहिण्याचा दोष. बिल्ल्याला दिवस मोजता येतात, गाडीत काय आहे ते मोजता येत नाही, हे खरंच आहे. या बिल्ल्यावर स्वस्तिक मुळातच नव्हतं. म्हणून १९५७ साली पश्चिम जर्मनीने जुनी पदकं स्वस्तिक काढून वापरायची परवानगी दिली तेव्हा याच्यात खोडायला काही निघालं नाही. तुमचा आक्षेप या बारक्या गोष्टीने आणखी धारदार होतो असं मला वाटतं.

मी_एकटीच
हो. होतो. धन्यवाद.

खारेदाणे
वातावरण गंभीर झालंय. रशियनांचा बिल्ला सांगा कुणीतरी.

रणधुमाळी
रशियनांनी मजा केली. १९४२ च्या मे महिन्यात त्यांनी 'उत्कृष्ट' मालिका काढली. उत्कृष्ट मशीनगनवाला, उत्कृष्ट रणगाडावाला, उत्कृष्ट तोफवाला. ८ जुलै १९४३ रोजी तीत 'उत्कृष्ट शोफर' आला. त्याच दिवशी आणखी दोन आले: 'उत्कृष्ट स्वयंपाकी' आणि 'उत्कृष्ट पाववाला'.

खारेदाणे
उत्कृष्ट स्वयंपाकी!! आमच्या मेसवाल्याला कळवू नका.

बेलापूरकरीण
हा बिल्ला मला सासूबाईंच्या हस्ते मिळाला पाहिजे. ३१ वर्षं झाली, अजून 'ठीक झालंय'च्या पुढे गाडी गेलेली नाही.

डिफरन्शिअल
रशियन शोफरांवरून आठवलं. लाडोगा सरोवरावरचा बर्फाचा रस्ता. लेनिनग्राडला वेढा पडला होता आणि शहराला अन्न पोचवायचा तोच एक मार्ग उरला होता. २२ नोव्हेंबर १९४१ ला पहिला ट्रकांचा ताफा बर्फावरून निघाला. त्या वेळी शहरात कामगार सोडून बाकी सगळ्यांना दिवसाला १२५ ग्रॅम पाव मिळत होता, तोही भेसळीचा. ट्रक म्हणजे गाझ या रशियन कारखान्याचा दीड टनी, त्याला ते 'पोलुतोर्का' म्हणत, आपल्या भाषेत 'दीडकी'. सुरुवातीला बर्फ इतका पातळ की दीडकीवर दीड टनही भरत नसत. दार उघडं ठेवून चालवायचं, म्हणजे बर्फ फुटला तर उडी मारता येईल. उणे तीसमध्ये, दार उघडं! डोळा लागू नये म्हणून काही जण डोक्यामागे किटली किंवा भांडं टांगत. मान मागे कलली की ठण्णकन डोक्यात.

यातला इंजिनीअरिंगचा भाग फार सुंदर आहे. ट्रक बुडायचे ते नेहमी वजनाने नव्हे. कधी जड ट्रक पार व्हायचा आणि त्याच जागी हलका बुडायचा. शास्त्रज्ञांनी बर्फाचं वाकणं नोंदवणारं यंत्र बसवलं, तेव्हा कळलं की ट्रक चालताना बर्फाखालच्या पाण्यात लाट उठते. साधारण ताशी ३५ किलोमीटरच्या आसपास ट्रकचा आणि लाटेचा वेग जुळतो, लाट मोठी होत जाते आणि बर्फ फुटतो. म्हणून हळू चाला नाही तर त्याहून जोरात, पण त्या वेगाला चालू नका. शिवाय दोन ट्रकांनी शेजारून, एकाच वेगाने जाऊ नये. झोपाळ्याला योग्य वेळी झोका देत राहिलं की तो उंच जातो, तसंच हे. पहिल्या हिवाळ्यात असे साडेतीन लाख टनांहून जास्त सामान पोचलं आणि परतीच्या गाड्यांतून पाच लाखांवर माणसं बाहेर निघाली.

चिंचगूळ
माझा 'विंटर' अगदीच चुकला नव्हता तर :)

सुभेदार_तात्या
डिफरन्शिअल, तुमचा प्रतिसाद नातवाला वाचून दाखवला. किटलीची युक्ती आम्हाला का सुचली नाही? आम्ही बडीशेप चघळायचो आणि को-ड्रायव्हरला शिव्या द्यायचो.

आगाऊ_बंड्या
आता खरंच प्रश्न विचारतो, खोडी नाही. अमेरिकन बिल्ल्याचा निकष काय होता? दिवस की अंतर?

नाणेवाला
आजच्या नियमांत दोन्हींपैकी एक. ड्रायव्हर म्हणून सलग १२ महिने काम किंवा किमान ८,००० मैल. पण दोन्ही अपघाताशिवाय आणि वाहतुकीचा एकही नियम न मोडता.

आगाऊ_बंड्या
मग गोची आहे! 'रेड बॉल एक्स्प्रेस'बद्दल वाचलं होतं. नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरल्यानंतर अमेरिकन सैन्य फ्रान्समध्ये इतक्या वेगाने पुढे गेलं की पेट्रोल मागेच राहिलं, आणि रेल्वे त्यांनीच बॉम्ब टाकून मोडलेली. म्हणून २५ ऑगस्ट ते १६ नोव्हेंबर १९४४ फक्त ट्रकांसाठी राखीव रस्ता काढला, जायला एक, यायला दुसरा. २९ ऑगस्टला एका दिवसात ५,९५८ गाड्या रस्त्यावर होत्या आणि १२,३४२ टन माल पोचला. नियम असा होता की ताशी २५ मैलांच्या वर जायचं नाही आणि दोन गाड्यांत ६० यार्ड अंतर ठेवायचं. इंजिनाला गव्हर्नर लावलेला, म्हणजे गाडी पळूच नये. ड्रायव्हर लोकांनी काय केलं? गव्हर्नर काढून टाकले! दुप्पट माल भरला, रात्री बिनदिव्याचे पळाले, झोप नाही. आणि त्यामुळेच पुढच्या रणगाड्यांना पेट्रोल मिळालं.

म्हणजे नियम मोडला म्हणून लढाई पुढे गेली आणि नियम मोडला म्हणून बिल्ला नाही?

नाणेवाला
बंड्या, आज तू धाग्यातला सगळ्यात चांगला प्रश्न विचारलास. वर पगार-पितळ काय काढत होतास.

त्यात भर: त्या ड्रायव्हरांपैकी सुमारे तीन चतुर्थांश काळे सैनिक होते. त्या वेळच्या अमेरिकन सैन्यात त्यांच्या तुकड्या वेगळ्या, पुढारी बहुतेक गोरे, लढाईच्या तुकड्यांत फारसं घेत नसत. 'मागचं' काम म्हणून ट्रक त्यांच्याकडे. तेच मागचं काम तीन महिने सगळ्या आघाडीचा कणा झालं. वाहन बहुतेक जीएमसीचा अडीच टनी, दहा चाकी. ज्याला सैनिक 'जिमी' म्हणत. असे ट्रक युद्धात पाच लाखांहून जास्त बनले.

सुभेदार_तात्या
बंड्याच्या प्रश्नाला फौजी उत्तर देतो. बिल्ला शांततेच्या वेळी माणूस कसा तयार करायचा त्याचा आहे. नियम पाळून ज्याचा हात बसला, त्यालाच नियम कधी आणि किती वाकवायचा ते समजतं. गव्हर्नर काढलेली गाडी नवख्याच्या हातात दिली की पहिल्या वळणावर खाली. तरी एक कबूल करतो. आमच्या ताफ्यात सगळ्यात भरवशाचा जो गडी होता, त्याची कार डायरी सगळ्यात घाणेरडी होती. आणि ज्याची सुवाच्य, तो वर जायचं म्हटलं की आजारी पडायचा.

रणधुमाळी
आपल्याकडचं कुणी काढलं नाही म्हणून मीच. दिमापूर ते इंफाळ रस्ता. दिमापूर स्टेशनचं नावच तेव्हा 'मणिपूर रोड' होतं. १९४४ च्या मार्च-एप्रिलमध्ये जपान्यांनी तो तोडला आणि कोहिमाला वेढा घातला. २२ जून १९४४ ला १०९ व्या मैलाच्या दगडाजवळ कोहिमाकडून आणि इंफाळकडून आलेल्या आपल्या बाजूच्या फौजा भेटल्या आणि रस्ता खुला झाला. त्या रस्त्यावर रॉयल इंडियन आर्मी सर्व्हिस कोअरचे आपले शिपाई ड्रायव्हर होते. युद्धाआधी त्यातल्या कित्येकांनी बैलगाडीशिवाय काही हाकलं नव्हतं.

कांदेपोहे
माझे पणजोबा तिथेच होते! साताऱ्याकडचे. घरी त्यांचा 'बर्मा स्टार' आहे, ब्रह्मदेशाच्या आघाडीवरच्यांना मिळालेलं पदक. ड्रायव्हर होते एवढंच आम्हाला माहीत. बाकी ते बोलायचे नाहीत. आजी सांगते, घाटात एसटी वळली की ते नकळत उजवा पाय दाबायचे. ड्रायव्हरचा बिल्ला मात्र कधी सापडला नाही.

नाणेवाला
@कांदेपोहे, स्टारच्या मागची बाजू नीट पाहा. ब्रिटिश सैनिकांना ते स्टार कोरे देत. भारतीय सैन्यातल्यांच्या स्टारवर मात्र नंबर, नाव, तुकडी कोरून देत. पणजोबांनी सांगितलं नाही ते तिथे लिहिलेलं असेल.

कांदेपोहे
देवघरातून काढून पाहिला. खरंच आहे. बारीक अक्षरं, कुंकवाने भरलेली. टूथब्रशने साफ करतेय. नंबर लागला. तुकडीचं आखूड केलेलं नाव आहे, शेवट 'एएससी'. आईला फोन केलाय. उद्या सविस्तर लिहिते.

घाटवळण
धागाकर्ता परत आला. तीन दिवसांत माझ्या साडेतीनशे रुपयांच्या वस्तूने लाडोगापासून दिमापूरपर्यंत फिरवून आणलं. सगळ्यांचे आभार.

वडिलांना बिल्ला दाखवला. ते आता ८२ आहेत. हातात घेतला, उलटा केला, वजन पाहिलं. मी पट्ट्यांचं सगळं समजावलं. ते म्हणाले, "मेकॅनिकची पट्टी कुठाय?" म्हटलं, मिळाली नाही. "मग अर्धाच आहे," म्हणाले आणि टीव्ही लावला.

तेव्हा आठवलं, त्या ताडपत्रीवर याच जातीची आणखी एक सुटी पट्टी होती, कड्या असलेली. मी तेव्हा तिला कपाटाचा तुकडा समजलो. उद्या बुधवार, बाजार भरेल. जाऊन घेऊन येतो.

डिफरन्शिअल
लवकर जा. असल्या धाग्यांना वाचनमात्र सभासद फार असतात.

घाटवळण
आत्ताच जाऊन आलो. साडेदहाला पोचलो. तो म्हणाला, "साहेब, ती पट्टी सकाळी आठलाच एक जण घेऊन गेले. सरळ माझ्याकडेच आले, शिलाई मशीनच्या पलीकडे. जराही शोधलं नाही."

खारेदाणे
सरळ? शिलाई मशीनच्या पलीकडे?

आगाऊ_बंड्या
"बाय द वे, हा विक्रेता कुठल्या रांगेत बसतो?"

नाणेवाला
चारशेला घेतली. 'मेकॅनिक'च आहे, मागे 'स्टर्लिंग'. घाटवळण, व्यक्तिगत निरोप करा. वडिलांना म्हणावं, रविवारी घेऊन येतो. चहा मात्र त्यांच्या हातचा नको, ड्रायव्हरांचा चहा मी प्यायलेला आहे.